चार नंबरची भूक

मला एक सांगा, जेवण मोजून वाढणं हा गुन्हा आहे का? नाही ना? मग आमच्या घरात मी पाच महिने गुन्हेगारासारखी का वावरत होते, ते मला कोणीतरी नीट समजावून सांगा.

आमची माशांची चार तळी आहेत. एक नंबरमध्ये अगदी बारकी पिल्लं. दोन नंबरमध्ये बोटाएवढी झालेली, त्यांना आम्ही बोटुकली म्हणतो. तीन नंबरमध्ये वीतभर वाढलेले आणि चार नंबरमध्ये काढणीला आलेले मोठे मासे. पंपघराच्या मागे एक लहान हौद आहे, त्यात पैदाशीचे मासे, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची पिल्लं घ्यायची ते. हे सगळं माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं, आणि त्याबद्दल मी त्यांना कधीही कमी लेखलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर उद्या म्हणाल, सून उलट्या काळजाची.

पण बाबांची खायला घालायची पद्धत एकच, मुठीने. सगळ्या तळ्यांना एकच खाद्य, ते सुद्धा सगळ्यात कसदार, आणि माशांनी तोंड फिरवेपर्यंत. काही बोलायला गेलं की म्हणायचे, "घरात लहान-मोठ्यांना वेगळी चूल असते का?"

आता यावर काय बोलणार? लग्नाआधी मी सहा वर्षं खाद्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली आहेत. मला कळतं हो. पिल्लाचं अंग भराभर भरत असतं, त्याच्या खाद्यात शंभरातले चाळीस भाग प्रोटीन हवं. बोटुकलीला पस्तीस पुरे. वीतभर माशाला तीस. आणि मोठ्या माशाला अठ्ठावीस, तेही हात आखडून. त्याच्यावर दिलंत तर ते अंगाला लागत नाही. अमोनिया होऊन माशाच्या अंगातून पाण्यात उतरतं, पाणी विषारी होतं, आणि मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच गुदमरतो. अति तिथे माती म्हणतात ना, इथे अति तिथे अमोनिया.

तीन वर्षं मी हे सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मागच्या हंगामाला चार नंबरमधले निम्मे मासे काढणीआधी उताणे झाले, तेव्हा बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाद्याच्या खोलीची किल्ली कमरेची काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"एक पीक तुझ्या हिशोबाने," ते म्हणाले. "चार नंबर काढणीपर्यंत धडधाकट पोचलं तर किल्ली तुझी. मेले तर किल्ली परत, आणि मग टक्क्यांचं नाव काढायचं नाही या घरात."

"कबूल," मी म्हणाले. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

आमचे हे तेव्हा दारात उभे होते. हे जिवंत मासे टाक्यांत भरून गाडीने पोचवायला जातात, त्यामुळे घरातलं कुठलंही भांडण यांना नेहमी गाडी सुरू करताना ऐकू येतं. "चांगलं झालं," एवढं बोलून गेले.

मग मी कामाला लागले. दर पंधरा दिवसांनी जाळं टाकायचं, तीस मासे तोलायचे, सरासरी काढायची, आणि त्यावर खाद्य बदलायचं. लाल डबा पिल्लांचा, पिवळा मधल्यांचा, निळा मोठ्यांचा. कुठल्या डब्याने किती मापं, ते खडूने दारावर लिहिलेलं. मासे दिसामाशी भरत होते, पाणी स्वच्छ होतं. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात बाबांच्या किडनीचा रिपोर्ट आला.

नशिबाची थट्टा बघा. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "आता या वयात, या किडनीला, प्रोटीन कमी करायचं." आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता हातात दिला. दिवसाला अंड्याचा पांढरा भाग एक, बलक नाही. मासा आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तळव्याएवढा. दूध वाटीभर. सगळं ग्रॅममध्ये. आणि घरात ग्रॅम दाखवणारा काटा एकच, ज्याच्यावर मी बोटुकल्या तोलायचे.

"माशांच्या काट्यावर मला जेवायला वाढतेस?" बाबा म्हणाले.

"साबणाने घासून घेतलाय, बाबा."

"चाळीस वर्षं मासे पोसले मी. आणि आता मला बोटाएवढा तुकडा."

"बोटाएवढा नाही, चाळीस ग्रॅम आहे."

"म्हणजे चार नंबरला टाकलंस तू मला," असं म्हणून त्यांनी ताटावरची मान वर केली नाही. जेवण मात्र सगळं संपवलं.

मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

त्यांचं मन रमावं म्हणून पैदाशीचा हौद मी त्यांच्याकडेच ठेवला होता. पैदाशीच्या माशांना अंडी धरायची असतात, त्यांना कसदार खाद्य लागतं, अडतीस टक्क्यांचं. त्याचं पिंप हौदाशेजारी झाकण लावून ठेवलेलं असायचं. दाणा मोठा, मोठ्या माशांच्या दाण्याएवढाच, रंगाने जरा गडद. बाबा दुपारी जेवण झालं की काठी टेकत तिकडे जायचे आणि तासाभराने यायचे. गुडघे दुखतात, पण हौदावर जायचं म्हटलं की कुठून बळ येतं कोण जाणे. मी म्हणायचे, जाऊ दे, तेवढीच हवा लागते.

काढणीला महिना राहिला आणि चार नंबरचं पाणी बिघडायला लागलं.

पाणी तपासायची आमची पद्धत साधी आहे. काचेच्या नळीत तळ्याचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवट झालं तर अमोनिया आहे. माझी नळी रोज पिवळी असायची. एका सोमवारी ती पोपटी झाली. मी लगेच खाद्य दहावा हिस्सा कमी केलं. गुरुवारी आणखी हिरवी. आणखी कमी केलं. पुढच्या सोमवारी पानासारखी हिरवी. अहो, माझ्या डोक्याला मुंग्या आल्या! कमी घालतेय तर अमोनिया कमी व्हायला हवा की वाढायला हवा?

"भुकेले आहेत ते," बाबा काठावरून म्हणाले. "तोंड बघ त्यांची."

"माशांच्या तोंडावर काही दिसत नसतं, बाबा."

"तुला नसेल दिसत."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी खाद्य कंपनीच्या सल्लागाराला फोन लावला. याला आम्ही टक्केसाहेब म्हणतो, कारण हा माणूस पाऊस येईल का विचारलं तरी टक्क्यांत उत्तर देतो. बिचारा फटफटीवर धुळीने माखून आला, आणि आल्या आल्या मी त्याच्यावर तोंड सोडलं.

"पोत्यावर अठ्ठावीस छापता आणि आत काय भरता? अडतीस? कारखान्यात काम केलंय मी, मला शिकवू नका. माझे मासे मेले तर तुमच्या दारात आणून ओतीन!"

 मुकाट्याने नमुना घेऊन गेला. चार दिवसांनी कागद आला, सत्तावीस पूर्णांक नऊ. कागद स्वतः आणून दिला, वर पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका, एक विचारू? घरातलं कोणी वरून घालत नाही ना?"

"कुलूप आहे खोलीला," मी गळ्यातली किल्ली त्याच्या नाकासमोर नाचवली. "दिसतेय का? झोपतानासुद्धा काढत नाही."

"तसं असेल तर प्रश्नच नाही," तो म्हणाला आणि गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते त्या दिवशी मी स्वतः करून दाखवलं, पण ते मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, आलं. वाढलेलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पथ्य पाळताय ना?"

"ग्रॅमवर मोजून वाढते हो!"

"मग क्रिएटिनिन वाढायला नको होतं," डॉक्टर म्हणाले, आणि असं बघितलं जणू मीच रोज दोन माणसांचं जेवण बाबांना भरवतेय.

घरी येऊन मी काटा उलटापालटा केला. वाण्याकडे जाऊन त्याच्या काट्याशी ताडून बघितला. एक ग्रॅमचासुद्धा फरक नाही. घरातल्या माणसाचं मोजून चुकतंय, तळ्यातल्या माशांचं मोजून चुकतंय, आणि काटा बरोबर. मग वेडी मीच असणार, दुसरं काय?

"अहो, ऐकताय का?" मी यांना म्हटलं. "पैदाशीचं पिंप पण भराभर उतरतंय. महिन्याचं पंधरा दिवसांत संपलं."

"उंदीर असतील," हे म्हणाले.

"पिंपाला झाकण आहे."

"मग मोठे उंदीर असतील," असं म्हणून हे वर्तमानपत्रात शिरले. या माणसाशी भांडायची सुद्धा सोय नाही. ओल्या साबणासारखा हातातून निसटतो.

आणि मग तो बुधवार. उजाडायच्या सुमारास मी तळ्यावर गेले. चार नंबरचं सगळं पाणी तोंडांनी भरलेलं. मासे वर येऊन आ वासत होते, आणि काठाला पांढरी पोटं लागलेली होती. मी ओरडत पंपाकडे धावले. हवा देणाऱ्या दोन्ही चक्र्या लावल्या, खालची मोरी उघडली, वरून ताजं पाणी सोडलं. हे गाडी सोडून तसेच अनवाणी आले आणि जाळ्याने मेलेले ओढायला लागले. ऊन वर येईपर्यंत बाकीचे खाली गेले. मेलेले दोनशे चौदा.

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील किल्ली आण. ते म्हणाले, "भुकेने मेले."

"बाबा, भुकेने असे मरत नाहीत. दम कोंडून मेलेत. पाण्यात विष झालंय."

"तू कमी केलंस. आणखी कमी केलंस. मग आणखी कमी केलंस." त्यांचा आवाज फाटला. "मुक्या जिवांना सांगता येत नाही, म्हणून काय..."

 खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं, म्हाताऱ्याचं खरं असेल. चाळीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस आहे. माझी सहा वर्षं टेबलावरची. काय कळतं मला?

तरी मी खाद्य पूर्ण बंद केलं. एक दाणा नाही. तिसरा हिस्सा पाणी बदललं. गुरुवारी नळी हिरवी. पुन्हा पाणी बदललं. शुक्रवारी नळी हिरवी! आता बोला! खायला काही नाही, पाणी नवं, आणि अमोनिया येतोय कुठून? आकाशातून?

शुक्रवारी दुपारी हे बाबांना पुन्हा रक्त तपासायला दवाखान्यात घेऊन गेले. गाडी थेट पंपघरापर्यंत आली आणि बाबा यांचा खांदा धरून तिथूनच चढले, म्हणून त्यांची काठी पंपघराला टेकलेली तशीच राहिली. मी चार नंबरच्या त्या बाजूला, पंपघराच्या कडेला, शेवाळ दूर करायला गेले होते. एरवी तिकडे माझं काही काम नसतं. माझी खाद्य घालायची जागा समोरच्या काठाला, पायऱ्यांवर. हाताला दुसरं काही लागेना म्हणून काठी घेतली, शेवाळ सारलं, आणि काठीचा चिखल झाडायला ती तिथल्या, काठावरून पाण्यावर टाकलेल्या फळीवर आपटली. टक, टक, टक.

पाणी उसळलं.

आईशप्पथ सांगते, मी दोन पावलं मागे सरले. अख्ख्या तळ्यातले मासे त्या फळीखाली येऊन एकमेकांच्या अंगावर चढत होते. तोंडं उघडून माझ्याकडे बघत होते. माझ्या पायऱ्यांवर मी आठ वाजता डबा हलवला की असेच येतात. मासा मूर्ख नसतो. कुठून मिळतं, कशाच्या आवाजाने मिळतं, हे तो आठवड्यात शिकतो. आणि या माशांना पंपघराच्या फळीवरची काठी पाठ होती.

मी पुन्हा आपटली. आणखी आले.

फळीच्या फटीत गडद दाणे अडकले होते, पैदाशीच्या पिंपातले, अडतीस टक्क्यांचे. मी फळीवर बसले आणि डोक्याला हात लावला. गळ्यात किल्ली घालून मी खोलीची राखण करत होते, आणि इथे कुंपणच शेत खात होतं! मी कमी केलं की म्हाताऱ्याला दया यायची. दया आली की तो वरून घालायचा. घातलं की पाणी बिघडायचं. बिघडलं की मी आणखी कमी करायचे. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, त्या माशांचा जीव घेतला होता. आणि मी त्या बिचाऱ्या टक्केसाहेबाच्या अंगावर धावून गेले!

गाडी आली तेव्हा मी फळीवरच होते. हातात काठी, दुसऱ्या हातात नळी. बाबा यांचा खांदा धरून उतरले. मला तिथे बसलेलं बघितलं आणि जागच्या जागी थांबले.

"या," मी म्हटलं. "तुमची मंडळी वाट बघतायत." आणि काठी आपटली.

मासे आले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"एकच मूठ घालत होतो आधी."

"कधीपासून, बाबा?"

"तू मला काट्यावर वाढायला लागलीस तेव्हापासून." ते हळूहळू येऊन फळीच्या टोकाला बसले. "मला कमी देतेस ते डॉक्टरने सांगितलं म्हणून. त्यांना कुठल्या डॉक्टरने सांगितलंय? रात्री पोटात कसं होतं ते मला माहीत आहे. वाटलं, यांनी तरी का सोसावं. मग तू आणखी कमी केलंस, म्हणून मी दोन डबे केले."

"आणि परवापासून? मी पूर्ण बंद केल्यावर?"

"तेव्हा तर चार," ते म्हणाले.

मी काय करावं? कपाळ बडवून घ्यावं की तळ्यात उडी मारावी? मी नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघा, हा रंग. हे भुकेचं नाही. हे तुम्ही घातलेलं जेवण आहे. यांना ते अंगी लागत नाही, वाढायचं वय संपलं यांचं. जे लागत नाही ते विष होऊन पाण्यात येतं. तुमच्या रक्तात डॉक्टर काय शोधतात? तसलंच. तुमची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि हे बाहेर टाकतात तर त्यातच राहतात. एवढाच फरक आहे."

बाबांनी नळी हातात घेतली. बराच वेळ उन्हात धरून बघितली.

"म्हणजे ते दोनशे," ते म्हणाले, "मी घातलं म्हणून मेले?"

इथे एखाद्या शहाण्या सुनेने जीभ आवरली असती. मी म्हणाले, "हो."

 त्यांनी नळी माझ्या हातात परत दिली. मला लगेच वाटलं, कशाला बोललीस, बाई? काय मिळवलंस? पण बोललेलं काही गिळता येत नाही. हे पुढे आले आणि बापाला धरून घरी घेऊन गेले. जाताना माझ्याकडे असं बघितलं जणू मीच त्या माणसाला धक्का दिला होता.

संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी मी गळ्यातली किल्ली काढली. शब्द म्हणजे शब्द. चार नंबर धडधाकट राहिलं नव्हतं, मग कारण काहीही असो. मी किल्ली बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"घ्या. मेले तर परत, असं ठरलं होतं. मला नको आता. तुम्ही मुठीने घाला, टोपलीने घाला, काय वाटेल ते करा. मी थकले. या घरात मी एकटीच काटा घेऊन बसते आणि सगळ्यांना वाटतं, मी जेवणावर उठलेय. मला आवडतं का कोणाच्या तोंडचा घास मोजायला?"

बाबांनी किल्लीला हात लावला नाही. सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला आणि उलगडला. आत उकडलेलं अंडं होतं. अख्खं, टरफलासकट.

"हेही ठेव तुझ्या कुलपात," ते म्हणाले.

 "हे कुठून आलं?"

 मी बघितलं, तर आमचे हे घास हातात धरून ताटातल्या मिठाचं निरीक्षण करत होते.

"अहो?"

"अगं, एकच," हे म्हणाले. "गाडीतून येताना नाक्यावर मिळतं. रोज एक. कधीतरी दोन."

"दोन?"

"बाप आहे तो माझा!" माझा नवरा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "त्याने आयुष्यभर मला ताटातला मोठा तुकडा दिला. आता तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो. घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

म्हणजे मुलगा बापाला चोरून घालणार, बाप माशांना चोरून घालणार, आणि मी सगळ्या जगाचे काटे तपासत फिरणार! मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा आणखी राग आला.

"आणि माझे कोण आहेत ते?" मी म्हणाले. "शेजारी? तुम्हाला दोघांना काय वाटतं, मला ते जड झालेत म्हणून मोजते? मला ते हवेत म्हणून मोजते! आणखी दहा वर्षं हवेत, माझ्याशी भांडायला, काठावर उभं राहून टोमणे मारायला. तुम्ही लाड करून मारा. मी मोजून जगवते. मग मी वाईट. असू दे वाईट!"

 मी नाक पुसलं, काटा ओढला आणि अंडं सोललं. सुरीने उभं कापून बलक काढला आणि यांच्या ताटात टाकला. पांढरा भाग काट्यावर ठेवला. तेहेतीस ग्रॅम.

"हे तुमचं," मी बाबांना म्हटलं. "आजचं सगळं एवढंच. रुमालात आणखी काही आहे?"

"नाही."

"खिशात?"

"नाही गं बाई." त्यांनी अंड्याचा तुकडा उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने किल्ली माझ्याकडे सरकवली. "चार नंबरला उद्या किती?"

"काहीच नाही. परवाही नाही. पाणी पिवळं झालं की बघू."

"ते येतील काठीच्या आवाजाने."

"मग त्या बाजूला जाऊ नका," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी नळी पिवळी झाली. हिरव्याची नुसती झाक उरली होती, पण एकही मासा वर आलेला नव्हता. मी पायऱ्यांवर उभी राहून ती उन्हात धरली, आणि बघते तर समोरच्या काठाने बाबा पैदाशीच्या हौदाकडे निघाले होते. काठी काखेत दाबलेली. एका हाताने पंपघराची भिंत धरून, गुडघे वाकवून, एकेक पाऊल चिखलात टाकत. ओठ घट्ट मिटलेले. अहो, त्या माणसाला सपाट जमिनीवर काठीशिवाय चालता येत नाही!

"बाबा!" मी ओरडले. "काठी टेका! पडाल ना!"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "आवाज झाला तर आशेने येतील."

या घरातल्या माणसांचं काय करावं ते मला खरंच कळत नाही. मी नळी पायरीवर ठेवली, तळ्याला वळसा घालून गेले आणि त्यांचा दुसरा हात धरला.